तेल कोणी प्यालं?

अनुभव लिहायला डोक्यावर पांढरे केस लागतात असा एक समज आहे. माझे काळे आहेत. वय एकोणतीस, नोकरी लेथवर, आणि लिहिण्याचा सराव म्हणाल तर कामगारांसाठी काढलेल्या पत्रकांचा. निषेध, जाहीर निषेध, तीव्र निषेध, एवढ्या तीन पायऱ्यांवर माझं मराठी वाढलं. या अंकाच्या संपादकांनी "कारखान्यातलं काही लिहा, पण भांडण नको," असं बजावलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. भांडण वगळलं तर कारखान्यात उरतं काय? मग आठवलं, एक भांडण असं आहे की ज्यात मी साफ हरलो आणि हरल्यावर जन्मात पहिल्यांदा हायसं वाटलं. तेच लिहितो.

आमचा कारखाना म्हणजे भंडाऱ्याच्या वेशीबाहेरची पत्र्याची एक लांब शेड आणि तिच्यात वीस-बावीस मशिनी. पंपांना, राईस मिलना लागणारे लोखंडी बुश, पिना, काही पितळी नट असला बारीक माल. भंडाऱ्याचं नाव पितळेच्या भांड्यांमुळे आहे. भांडी दुकानात चकाकतात, लोक हात लावून बघतात. आमचा माल कुणाच्या तरी पंपाच्या पोटात जाऊन बसतो. त्याला कोण विचारतं!

ज्यांनी लेथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडाचा गज गरगर फिरतो, त्याला कापायचं हत्यार भिडतं आणि दुधीची साल निघावी तसं लोखंड सोलून निघतं. त्यात एवढी उष्णता होते की हत्याराची धार जळून जावी. म्हणून वरून सतत तेलाची धार सोडतात. साध्या कामाला पाण्यात कालवलेलं तेल. ते पांढरं दिसतं म्हणून आम्ही त्याला दूधच म्हणतो. अवघड कामाला निव्वळ तेल. धार खालच्या टाकीत पडते, पंप तिला परत वर चढवतो. म्हणजे खरं तर तेच तेल फिरत राहायला हवं. तयार नग मात्र तेलानं माखलेला, लोखंडाच्या किसानं भरलेला निघतो. तो धुतल्याशिवाय तपासता येत नाही. धुणं रॉकेलमध्ये. मधोमध कापलेलं पिंप, त्यात रॉकेल, त्यात बाईचे हात. रॉकेल काळं झालं की शेडमागच्या नाल्यात ओतायचं आणि नवं घ्यायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही, हे आधीच कबूल करतो.

ते हात पार्बतामावशीचे. नदीपलीकडच्या कारध्याची बाई. दुसऱ्या पाळीला रोज वैनगंगेचा पूल पायी ओलांडून येणारी. घरी धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे दोन तुकडे. त्यात पिकायचं ते वर्षभर खायला पुरायचं, एवढंच. मिठापासून पोरीच्या शाळेपर्यंत बाकीचं सगळं तिच्या पगारावर. रॉकेलनं तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. त्यात ती जवसाचं तेल भरायची आणि म्हणायची, "मशीनले तेल, मले बी तेल. दोघीबी चालून राहिलो."

आता तुसाची गोष्ट. तूस म्हणजे धान भरडल्यावर उरते ती साल. या भागात त्याचे डोंगर पडलेले असतात. माझं गाव सिहोरा. गोठ्यात चिखल झाला की आमचे बाबा तूस पसरायचे, बैलाचा पाय घसरत नसे. मी कारखान्यात लागलो त्या वर्षी लक्ष्मण मिस्त्री, म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना कारागीर, तेलकट फरशीवरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. मी पेटलो. "कामगाराचं मनगट एवढं स्वस्त आहे काय?" असं पत्रक काढलं, आणि नुसतं पत्रक काढून थांबलो नाही. जवळच्या राईस मिलमधून गाडीभर तूस फुकट आणून सगळ्या मशिनींखाली पसरून दाखवलं. पाळी सुरू होताना तूस टाकायचं, सुटताना झाडून घ्यायचं. त्यानंतर एकही माणूस घसरला नाही. गेटवरच्या सभेत नारळ देऊन माझा सत्कार केला. माझा पहिला विजय! त्या तुसाबद्दल मी भाषणं ठोकलेली आहेत, ऐकणारे अजून जिवंत आहेत.

मग ते टंचाईचं वर्ष आलं. रेशनच्या दुकानापुढे माणसांऐवजी डबेच रांगेत उभे असायचे. रॉकेल मिळेना, मशिनीचं तेल नागपूरहून येता येईना, आलं तर भाव चढलेला. एक दिवस शेठनं मला ऑफिसात बोलावलं.

"देवराव, तुमची मशीन तेल पीती है क्या? का कामगार पिते?"

"शेठ, तोंड सांभाळून बोला," मी म्हणालो.

"मैं तो सांभाळूनच बोलतो. एक महिना देतो. तेल आणि रॉकेल निम्म्यावर आणा. नाही आलं तर दुसरी पाळी बंद. चौदा माणसं आहेत, मला काय आनंद आहे?"

दुसऱ्या पाळीत चौदा माणसं, आणि त्यात पार्बतामावशी. पहिल्या पाळीत धुण्याच्या पिंपाशी आधीच दुसरी बाई होती. म्हणजे पाळी गेली की मावशी गेली.

आता इथे कुणीही शहाण्या माणसानं काय केलं असतं? शोध घेतला असता. मी पत्रक काढलं. पत्रकात वाढलेल्या डोक्याला आधी गुन्हेगार लागतो, गुन्हा मागाहून सापडला तरी चालतो. आणि गुन्हेगार तर समोरच होता. स्टोअर सांभाळणारे वासुदेवराव. तेलाच्या पिंपांच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला, आणि त्यांनी नुकतीच मोपेड घेतलेली. संपलं! बाजारातल्या सायक्लोस्टाइलवाल्याकडे बसून स्टेन्सिल कोरलं: "तेल कोणी प्यालं? किल्ली ज्याच्या कमरेला, त्यानंच उत्तर द्यावं!" नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी वासुदेवराव पत्रक हातात घेऊन माझ्या मशीनपाशी आले. पन्नाशीचा बारीक माणूस, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. आजूबाजूच्या मशिनी एकेक करून बंद झाल्या. त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या टूलबॉक्सवर ठेवली.

"घ्या पुढारी. आजपासून तेल तुम्ही द्या. मी स्टुलावर बसतो."

"मले कायले देता?"

"लिहिलं न तुम्ही? मंग मोजा."

आठवडाभर मी पाळीच्या आधी, मध्ये आणि नंतर पिंपात काठी बुडवून मोजलं. प्रत्येक मशीनवाल्याला मापानं तेल दिलं. वासुदेवराव स्टुलावर बसून पेपर वाचत. आठवडा संपला तेव्हा दिलेलं तेल आणि पिंपातून गेलेलं तेल बोटाच्या पेराइतकंही इकडेतिकडे नव्हतं.

"काय म्हणते पिंप?" त्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"बरोबर आहे," मी पुटपुटलो.

"जोरात म्हणा न. पत्रक त मोठं जोरात होतं."

मी जोरात म्हणालो नाही. तिथेच म्हणायला हवं होतं. ते राहिलं.

पण मग तेल जातं कुठे? चोरी नाही, तरी प्रत्येक मशीन रोज तेल मागत होती. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "मशीनच पिऊन राहिली असंल."

"मशीन कुठं पिते मिस्त्री?"

"मंग तू पिऊन राहिला काय गा?"

महिन्यातला एक आठवडा गेला होता, आणि हाती होतं एक खोटं पत्रक.

शनिवारी पाळी सुटताना पार्बतामावशीनं मला अडवलं. "देवा, उद्या सुट्टी आहे. सकाळी कारध्याले ये. तुये चोर मले सापडले."

मी गेलो. पुलावरून जाताना मनात नव्या पत्रकाचा मथळासुद्धा जुळवत होतो, खोटं कशाला बोलू! मावशीनं मला चुलीपुढे बसवलं. एका टोपलीत तिनं राईस मिलचं कोरं तूस ठेवलं होतं, दुसऱ्या टोपलीत कारखान्यातून झाडून आणलेलं. तेलकट तूस टाकून द्यायचं म्हणून बाया ते घरी आणत, चूल पेटवायला. वीटभट्टीवाला तर त्यासाठी बैलगाडी घेऊन दारात उभा राहायचा.

तिनं कोरं तूस चुलीत घालून काडी लावली. ते धुमसत राहिलं, नुसता धूर. मग कारखान्याचं मूठभर टाकलं. एका काडीत भडका! काळा धूर निघाला आणि घरभर आमच्या शेडचा वास सुटला.

"तूस असं भडकते काय रे बाप्पा?" मावशी म्हणाली. "सांग न. हे तूस आहे का तेल आहे?"

मी ते तूस मुठीत दाबलं, तळवा तेलानं माखला.

"दोन वर्षं झाली, माही चूल एका काडीत पेटून राहिली. मी म्हणे, कारखान्याच्या तुसाले बरकत आहे. काल घरी तुयं पत्रक वाचलं माह्या पोरीनं. तेल कोणी प्यालं? मले हासूच आलं. म्हटलं, माहीच चूल प्याली न!"

 तूस कुणी आणलं होतं? भाषणं कुणी ठोकली होती? नारळ कुणी घेतला होता?

खरं काय ते असं. मशिनी जुन्या. कुठल्या नळीचा सांधा ढिला, कुठल्या पंपाचं चामडं झिजलेलं, कुठे टाकीलाच चीर. आधी फरशीवर तेलाचं तळं दिसायचं, म्हणून मिस्त्री लोक शिव्या देत का होईना, सांधा आवळायचे. तूस आलं आणि फरशी कोरडी झाली. गळती दिसेना, म्हणून आवळणंही बंद. दोन वर्षं प्रत्येक मशीन गुपचूप गळत होती आणि आम्ही रोज तिचं तेल झाडून वीटभट्टीला पाठवत होतो. वर राईस मिलवाल्याचे आभार मानत होतो!

सोमवारी मी खोक्यावर चढून सांगितलं, "आज तूस टाकायचं नाही." मिस्त्रीनं वाकडं जुळलेलं मनगट माझ्या नाकासमोर धरलं. "हे पाह्य. हे तूच विसरला?"

विसरलो नव्हतो. पण फरशी तर बघायची होती. एका वेळी चारच मशिनींखालचं तूस काढायचं आणि तिथे कुणी पाय ठेवू नये म्हणून दोरी बांधायची, असं ठरलं. तरी काळ्या पडलेल्या फरशीवर काळं तेल दिसणार कसं? कागद पाहिजे होता, पांढरा, भरपूर. एवढा कागद कारखान्यात एकाच माणसाकडे होता. माझी उरलेली पत्रकं! ती कोरी बाजू वर करून मशिनींखाली अंथरली. तासाभरात कागदावर डाग उमटले. कुठे रुपयाएवढा, कुठे ताटाएवढा. वाकून बघितलं की ठिपका नेमका कोणत्या सांध्याखाली आहे ते दिसायचं. वासुदेवराव लांबून बघत होते. एक भिजलेलं पत्रक उलटं करून त्यांनी मथळा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवलं.  त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

पुढचे दहा-बारा दिवस मी एकही घोषणा दिली नाही, हे माझ्या मित्रांना आजही पटत नाही. सांधे आवळले. चांभाराकडून पंपांची चामडी कापून आणली. जिथे गळती थांबेना तिथे तुपाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे वाकवून थाळे केले. त्यात जमलेलं तेल फडक्यातून गाळून परत टाकीत. दुधाचंही तसंच. प्रत्येकजण अंदाजानं तेल ओतायचा. दूध दाट तर काम चांगलं, ही समजूत. मिस्त्रीनं काठीवर खुणा करून दिल्या, आधी पाणी, मग एवढंच तेल. सोमवारी दूध नासल्यासारखं घाण मारायचं आणि आम्ही सगळी टाकी ओतून द्यायचो. आता सुट्टीच्या आधी वर तरंगणारं काळं तेल सायीसारखं काढायला लागलो. आणि टाकीत खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, थुंकणं बंद. हो, थुंकायचे. कोण ते लिहीत नाही, त्यात मीही होतो.

रॉकेलचा प्रश्न मात्र मावशीचा होता आणि तो तिनंच सोडवला. "तांदूळ कसे धुतो आपण? पहिलं पाणी गढूळ, तिसरं पाणी चांगलं. चांगलं पाणी काहून फेकायचं? दुसऱ्या दिवशी तेच पहिलं पाणी कर." एका पिंपाऐवजी तिनं तीन टोप मांडले. नग आधी भोकं पाडलेल्या तिरप्या पत्र्यावर निथळायचे, म्हणजे निम्मं तेल तिथेच परत मिळायचं. मग पहिला टोप, दुसरा, तिसरा. पहिला अगदीच काळा झाला तरच काढायचा, दुसरा त्याच्या जागी सरकवायचा. आणि टोपात रॉकेल नाहीच. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. पाणी कशावर तापवायचं? तुसावर! कोऱ्या तुसाची शेगडी, दिवसभर मंद जळणारी. फरशीवरून हाकललेलं तूस शेवटी योग्य जागी बसलं.

पहिल्या दिवशी खोकंभर बुश धुऊन ठेवले. चकचकीत. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन पाहतो तर सगळे लाल. गंजलेले! मावशी खोक्याशी उकिडवी बसलेली. "गेली माही नोकरी," एवढंच म्हणाली.

आणि दारात वासुदेवराव. खोकं पाठवण्याआधी स्टोअरमध्ये नोंदवावं लागतं. त्यांनी शेठला हाक मारली असती तर गोष्ट तिथे संपली असती, आणि मला बोलायला तोंड नव्हतं. ते खाली वाकले, एक बुश नखानं खरवडला.

"तवा घासून ओलाच ठेवता काय घरी?" त्यांनी मावशीला विचारलं.

"नाही त. चुलीवर सुकवतो. मंग तेलाचं बोट फिरवतो."

"मंग याले काहून नाही?"

झालं. तिसऱ्या टोपात पाणी उकळतं ठेवायचं. नग बाहेर काढला की स्वतःच्याच उष्णतेनं क्षणात सुकतो. लगेच तेलाच्या फडक्यातून काढायचा. लाल झालेले बुश आम्ही तिघांनी मिळून घासले. शेठला कळलं नाही. वासुदेवरावांनी कळू दिलं नाही. मी म्हणालो, "वासुदेवराव, तुमचे उपकार..."

"पुढारी, घासा," ते म्हणाले. "बोलण्यानं गंज जात नाही."

महिना भरला तेव्हा शेठ स्वतः स्टोअरमध्ये आला. काठी मागितली, पिंपात बुडवली, उजेडात धरून पाहिली. परत बुडवली. मी, मिस्त्री, मावशी दाराशी.  रॉकेलचं पिंप त्यानं नुसतं हलवून पाहिलं. ते इतकं भरलेलं होतं की हललंच नाही.

"खर्च निम्म्याच्या खाली आहे," शेठ म्हणाला. मग काठी परत देत, "पाळी चालू ठेवा."

टाळ्या नाहीत, जयजयकार नाही. पार्बतामावशी उपड्या टोपावर बसली आणि म्हणाली, "कोणी चहा पाजता का बाप्पा?"  छातीवरून कुणीतरी लोखंडी गज उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. मी पुष्कळ मोर्च्यांत ओरडलेलो आहे, पण तो चहा पिताना जे वाटलं ते कुठल्या मोर्च्यात वाटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र बोचते. शेडमागचा नाला पुढे एका बोडीत जातो. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, त्यावर बांध्या भिजतात. इतकी वर्षं काळं रॉकेल, नासलं दूध, सगळं तिकडे गेलं. त्यावर मी कधी पत्रक काढलं नाही, कारण ओतणाऱ्यांत आम्हीच होतो. आता तिकडे जातं ते सोड्याचं पाणी, तेही थोडं. पण आधीचं गेलेलं परत येत नाही.

दुसरं पत्रक मी काढलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं. "तेल वासुदेवरावांनी प्यालं नाही. मी आणलेल्या तुसानं प्यालं. माफी मागतो." खाली नाव. गेटवर ते जोरात वाचून दाखवलं, कारण आधीचं जोरात होतं. वासुदेवराव मोपेडला किक मारत होते. "व्याकरण बरं आहे," म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली. आमच्यात एवढंच झालं, आणि एवढं पुरे झालं.

तक्रार राहिली ती एकट्या पार्बतामावशीची. तिचे हात भरून आले, भेगा गेल्या, पाळी टिकली. तरी एक दिवस ती कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली. "देवा, तुये सगळे सुधार चांगले. पण माही चूल? कोरं तूस पेटता पेटत नाही. चार-चार काड्या जातात. त्याचं काय करतं?"

 वासुदेवराव उठले, स्टोअरच्या कोपऱ्यातून एक गठ्ठा काढून तिच्या हातात दिला. मशिनींखाली अंथरलेली माझी पत्रकं. तेल पिऊन फुगलेली. त्यांनी एकूणएक जपून ठेवली होती.

"न्या बाई," ते म्हणाले. "पुढाऱ्यांचं लिखाण आहे. एका काडीत भडकते."

मावशी पदर तोंडाला लावून हसली. मिस्त्री हसला. मग मीही हसलो. पुढे कितीतरी दिवस ती पाळीवर आली की मला बोटांवर मोजून सांगायची, आज तुयं एक जाळलं, भात झाला.